तपासणाऱ्याची सही

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तर भाचा फराळ विसरून संगणकापुढे बसलेला. पडद्यावर जेमतेम दहाबारा ओळी. सकाळपासून त्याच वाचतो आहे म्हणे!

“एवढ्या ओळींना एवढा वेळ? अरे, तेवढ्यात मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवतो!” मी प्राध्यापकी ऐटीत म्हणालो.

“मामा, या ओळी लिनक्सच्या गाभ्यातल्या, स्मृतीची व्यवस्था पाहणाऱ्या. एकानं बदल सुचवलाय, मी तपासतोय. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. इथं चूक राहिली तर ती तुमच्यापर्यंत पोचायची!”

मग त्याने ‘डर्टी काऊ’ची हकीकत सांगितली.

“आत्ताच वसुबारस झाली, आणि गाईला असलं काय रे म्हणतोस!” आतून बहीण कडाडली. पण हा काऊ म्हणजे ‘कॉपी ऑन राइट’, लिहायची वेळ आली की नक्कल करा, याची आद्याक्षरे.

संगणकाच्या स्मृतीची पाने पाडलेली असतात. एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे. ग्रंथालयाचीच कल्पना करा ना! एक पोथी अनेकजण वाचतात. कोणाला पानावर काही लिहायचे असेल, तर तेवढ्याच पानाची नक्कल त्याला मिळते. मूळ पान सोवळ्यात राहते. आता लबाडी पाहा. वाचक कारकुनाला म्हणतो, “माझ्या वतीने एवढे लिहा.” कारकून नक्कल करतो आणि चिठ्ठीवरचा ‘लिहावयाचे आहे’ हा शेरा खोडतो. नक्कल झाली, आता भीती कसली? इतक्यात वाचकाचा साथीदार ती नक्कल केराच्या टोपलीत टाकतो. कारकून पुन्हा पाहतो, तो नक्कल गायब! चिठ्ठीवर लिहिण्याचा शेरा उरलेला नाही, म्हणून हाती येते मूळ पान. आणि तो बिचारा त्यावरच लिहून मोकळा होतो. या वाटेने साधा वापरणारासुद्धा यंत्राचा मालक होऊन बसत असे.

प्रत्येक पायरी एकेकटी बरोबर. घात झाला तो दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात! लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ सालीच हे भोक बुजवू पाहिले होते. पण एका जातीच्या मोठ्या यंत्रांवर अडचण आली आणि ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. पुढे वर्षानुवर्षे कितीतरी जाणत्या डोळ्यांसमोरून तो मजकूर गेला. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये इलाज झाला. त्या दुरुस्तीवर तपासणाऱ्यांच्या सह्या होत्या. तरीही मोठ्या आकाराच्या पानांपुरती फट राहिल्याचे २०१७ साली उघडकीस आले.

“म्हणजे समोरच्या ओळी तपासून भागत नाही,” भाचा म्हणाला. “खोडलेली ओळ कशाची राखण करत होती, आणि दोन ओळींच्या मध्ये कोण घुसेल, हेही बघावं लागतं.”

माझी ऐट कुठल्या कुठे गेली. काही वर्षांपूर्वी मी एका परीक्षेचा नियामक होतो. एका उत्तरपत्रिकेत परीक्षकाने बेरीज खोडून नवी केली होती. नवी बेरीज मी दोनदा पडताळली. अगदी बरोबर! सही ठोकली. त्या मुलीची सुटलेली पुरवणी मात्र गठ्ठ्याच्या तळाशी तशीच होती, न तपासलेली. फेरतपासणीत ती उत्तीर्ण झाली, पण तोवर पुढचे प्रवेश संपले होते. तिचे वर्ष गेले. मी काय केले? “बेरीज बिनचूक होती,” एवढेच सर्वांना सांगत राहिलो.

“त्या २०१६ च्या दुरुस्तीबरोबर टॉरवाल्ड्सनी टीप लिहिलीय,” भाचा सांगत होता. “अकरा वर्षांपूर्वी आपणच ही चूक सुधारायला गेलो आणि ते नीट जमलं नाही, असं सरळ कबूल केलंय. कायमचं, सगळ्यांना वाचता येईल असं.”

बहिणीने निरांजन आणले. भाच्याने संगणक मिटला. “सही?” मी विचारले.

“आज नाही. एका जागी अजून शंका आहे.”

बहिणीने ओवाळले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती सुटलेली पुरवणी होती. त्या मुलीचा पत्ता आज माझ्यापाशी नाही. पण हा अंक घरोघरी जातो. कदाचित तिच्याही घरी जात असेल. बाई, बेरीज बिनचूक होती, तपासणी नव्हती. ती सही माझी होती.