पोरगं वाशीमला ठेवायचं का पुण्याला? सरकारचाच हिशोब पाहा

बारावीनंतर पोराला वाशीमला शिकवायचं का पुण्याला धाडायचं, हा प्रश्न रिसोड, मालेगाव, मानोऱ्यापासून कारंजापर्यंत घरोघरी आहे. पुणं महाग हे सगळ्यांना माहीत. कितीनं महाग, हे कोणी नीट सांगत नाही.

सरकारनं मात्र ते आकड्यात मांडलेलं आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार रुपये आणि खेड्यातून वाशीमसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्याला ४३ हजार. पुण्याच्या रकमेत जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, वरखर्चाचे ८ हजार. वाशीमला तेच २५, १२ आणि ६ हजार. फरक १७ हजारांचा. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं तीन क्विंटल सोयाबीनच्या थोडं वर, हमीभाव मिळाला तर!

आता राहण्याचे २० हजार बारानं भागा. महिन्याला १,६६७ रुपये येतात. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर तरी धड जागा मिळते का, हे ज्याचं पोरगं तिथं आहे त्याला विचारा. जेवणाचे दिवसाला ८८ रुपये पडतात. त्यातच दोन टाइमची मेस, चहा, नाश्ता.

नोकरदाराचा हिशोब सरकार वेगळा करते. केंद्राच्या कर्मचाऱ्याला जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता पुण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के, तर वाशीमसारख्या लहान शहरात १० टक्के लागू झाला. मूळ पगार ३० हजार धरला तर ९ हजार आणि ३ हजार. म्हणजे निव्वळ भाड्यापोटी महिन्याला ६ हजारांचा फरक सरकारला मान्य आहे. विद्यार्थ्याला तोच फरक महिन्याला ६६७ रुपये. कर्मचाऱ्याला बायको-लेकरं असतात, पोराला एक खाट लागते, हे कबूल. तरी नऊपट तफावत पटत नाही.

मोबाइलचा रिचार्ज दोन्हीकडं सारखाच. खरा फरक भाड्यात आहे, आणि घरून काय पोचतं त्यात. वाशीमच्या खोलीवर दर आठवड्याला ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ जाते. त्याचा हिशोब आपण धरतच नाही. पुण्यात हे सगळं विकत, वरून दिवाळीत ट्रॅव्हल्सचं वाढलेलं भाडं.

म्हणून साधी बीए, बीकॉम करायची असेल तर पुण्याचा हट्ट नको. जो कोर्स इकडं नाहीच, त्यासाठी जरूर पाठवा. अर्ज मात्र सोडू नका. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पण पैसे खात्यात यायच्या आधी डिपॉझिट, पहिलं भाडं आणि मेसचा पहिला महिना घरूनच द्यावा लागतो, आणि ती वेळ नेमकी बी-खताच्या दिवसात येते.