टेलचे पाणी

वाचकहो, दिवाळीच्या अंकात फराळाच्या गोष्टी सोडून मी आजारपणाचे पुराण लावतो आहे, रागावू नका. आमच्या घरी गेली दोन वर्षे त्याचेच पारायण चालू आहे.

बारामतीजवळ कन्हेरीला आमचे चुलते राहतात. निवडणूक-प्रचाराचा नारळ जेथे फुटतो, त्या मारुतीमुळे हे गाव आपल्या कानांवरून गेले असेल. अण्णा शिकले जेमतेम चौथी. पण उसाचे बिल, सोसायटीचे कर्ज, मजुरांची हजेरी, सारा हिशेब तोंडी. मी एम. ए. होऊनही त्यांच्यापुढे पाढ्यांत नापास! तेच अण्णा एके दिवशी आठ मजुरांचा पगार काढताना तीनदा अडखळले आणि वही मिटून उठून गेले. मग चाल आखूड झाली. कधी न रडणारा माणूस लग्नपत्रिका पाहूनही रडू लागला.

विस्मृतीची आमची कल्पना सिनेमातली. ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले शास्त्रीबुवा पोटच्या मुलीलाही ओळखीनासे होतात. अण्णांना तर नातवंडांचीच काय, विकलेल्या बैलांचीही नावे पाठ! तेव्हा आम्ही ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे झालो. भाऊबीजेला मी त्यांच्यावर चक्क खेकसलो, “अण्णा, मुद्दाम करता का?”

ते म्हणाले, “न्हाई रं. डोक्यात येतंय, पण हातापत्तुर पोचत न्हाई.”

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूचे चित्र दाखवले. आत खोलवर पांढरे डाग आणि नकळत येऊन गेलेल्या बारीक झटक्यांच्या खुणा. रक्त कमी पडल्याने होणारा हा बुद्धिभ्रंश. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. मानेतून चार मोठ्या वाहिन्या वर जातात आणि मेंदूच्या तळाशी एका कड्यात मिळतात. टॉमस विलिसने १६६४ च्या ग्रंथात हे कडे दाखवले. त्या ग्रंथासाठी चित्रे काढणाऱ्यांत लंडनचे सेंट पॉल चर्च उभारणारा ख्रिस्तोफर रेन होता! एक वाट तुंबली, तर कड्यातून पाणी दुसरीकडून फिरू शकते. पण खोल भागातल्या केसासारख्या वाहिन्यांना अशी सोय फारशी नाही. नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला अधिक सांगायला नको: पाट भरून वाहिला तरी टेलचा शेतकरी कोरडाच. वाढलेल्या रक्तदाबाने त्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, धार आटते. मेंदूच्या भागाभागांना जोडणाऱ्या तारा तेथूनच जातात. अण्णांनी निदान आमच्याआधीच केले होते म्हणायचे.

ऑटो बिन्स्वांगर या वैद्याने १८९४ मध्येच असे रुग्ण वर्णिले होते. अल्झायमरचा विकार जोडीला असणेही पुष्कळदा घडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठी उलटलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा बुद्धिभ्रंश आहे.

अण्णांना रक्तदाब पन्नाशीतच सांगितला होता. गोळ्या महिनाभर घेतल्या, मग, “डोकं दुखत न्हाई, गोळी कशाला?” आम्हीही पुन्हा विचारले नाही. मेलेला भाग आता परत येत नाही. पुढचा झटका टाळायचा, एवढेच हाती. रक्तदाब, साखर, तंबाखू, सारे आले. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगात वरचा दाब १२० च्या खाली ठेवू पाहिलेल्यांत, १४० चे लक्ष्य असलेल्यांपेक्षा, बुद्धीची सौम्य घसरण कमी दिसली. पुऱ्या बुद्धिभ्रंशाबाबत मात्र आकडा निर्णायक ठरला नाही.

डॉक्टरांनी जाता जाता माझाही दंड पट्ट्यात गुंडाळला. १५२! म्हटले, जिने चढून आलो म्हणून असेल. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले, १५०. चाळिशीतला दाबच पुढे नडतो म्हणे. बातमी घरी माझ्याआधी पोचली. यंदा आमच्याकडे चकली अळणी आहे आणि पापडांचा डबा माझा हात पोचणार नाही अशा फळीवर. अण्णा सकाळी फराळाला आले, चकली चाखली आणि काकूंकडे पाहून म्हणाले, “मीठ इसरली जणू सूनबाई.”