बॅकअप आहे, पण क्रम आहे का?

ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला महापूर आला आणि पंचवटीत रामकुंड परिसरातील दुकानांत पाणी शिरले. अशा वेळी माल बुडतो; निदान उधारी-जमेच्या नोंदी वाचाव्यात म्हणून व्यापारी संगणकाचा बॅकअप घेतात. पण बॅकअप असणे निराळे आणि हिशेब परत मिळणे निराळे.

एसक्यूएल सर्व्हरसारख्या डेटाबेसची रीत रोजमेळासारखीच आहे. आधी पूर्ण बॅकअप, म्हणजे आरंभीची शिल्लक, चढवायची. मग त्यानंतरचे लॉग बॅकअप, घेतले त्याच क्रमाने. साखळीतला एक लॉग हरवला की हिशेब तिथेच थांबतो, पुढचे लॉग हाताशी असूनही चढत नाहीत. शेवटचा लॉग चढण्याआधी घाईने डेटाबेस खुला केला, तर सारे पहिल्यापासून करावे लागते.

म्हणून व्यापारी बांधवांनी संगणकवाल्याला "बॅकअप आहे ना?" एवढेच विचारून समाधान मानू नये. दर महिन्याला दुसऱ्या संगणकावर सारे क्रमाने चढवून दाखवायला सांगावे, शिल्लक छापील रोजमेळाशी ताडून पाहावी आणि एक प्रत नदीपासून दूर ठेवावी. यात तास-दोन तास जातील. पण बुडालेली उधारी तोंडी सांगून वसूल होत नाही.