ग्रामीण अमेरिकेला निधी मिळाला, डॉक्टरांचे काय?

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील आरोग्यसेवा सावरण्यासाठी केंद्र सरकारने ५ वर्षांत ५० अब्ज डॉलर देऊ केले आहेत. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यातील ही तरतूद आहे. मात्र त्याच कायद्यामुळे मेडिकेड या अल्प उत्पन्न गटाच्या आरोग्य योजनेवरील केंद्राचा खर्च १० वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरांनी घटेल, असा अंदाज आहे. लहान गावांतील रुग्णालयांना ही घट अधिक जाचक ठरेल.

निधीइतकाच बिकट प्रश्न मनुष्यबळाचा आहे. निधीतून यंत्रसामग्री येईल, दूरवैद्यक सेवाही वाढेल. परंतु अडलेल्या प्रसूतीसाठी डॉक्टर गावातच असावा लागतो.

ही उणीव परदेशी डॉक्टर बऱ्याच अंशी भरून काढतात. त्यांत भारतीयांचा वाटा मोठा आहे आणि महाराष्ट्रातून एमबीबीएस होऊन आलेलेही त्यांत आहेत. जे-१ व्हिसावर निवासी प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरला त्यानंतर २ वर्षे मायदेशी राहावे लागते. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात ३ वर्षे सेवा दिल्यास ही अट माफ होते. नॉर्थ डाकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये आलेली ही योजना ‘कॉनरॅड ३०’ म्हणून ओळखली जाते.

दरवर्षी प्रत्येक राज्याला अशा ३० जागा मिळतात. विस्तीर्ण कॅलिफोर्नियाला ३० आणि विरळ वस्तीच्या वायोमिंगलाही ३०. काही राज्यांचा कोटा अपुरा पडतो, तर काहींचा शिल्लक राहतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लागू झाले. अमेरिकेत राहूनच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते सहसा लागू होत नाही, असा खुलासा पुढे करण्यात आला. परंतु परदेशातून थेट डॉक्टर आणू पाहणाऱ्या २५ खाटांच्या रुग्णालयाला हा भार पेलणे अवघड आहे.

डॉक्टर आला तरी तो टिकेलच असे नाही. रोजगाराधारित ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारणपणे ७ टक्क्यांपुरता मर्यादित असल्याने भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर गेली आहे. इतकी वर्षे व्हिसावर अवलंबून राहून खेड्यात घर उभारण्याचे धाडस किती कुटुंबे करतील? शिल्लक जागा गरजू राज्यांकडे वळवणे आणि ग्रामीण सेवा करणाऱ्या डॉक्टरांना या रांगेत प्राधान्य देणे, हे दोन बदल झाले नाहीत, तर नव्या निधीतून सजलेल्या दवाखान्यांतही डॉक्टरांची खुर्ची रिकामीच राहील.