भुतालाही नियम हवेत

भुताच्या सिनेमात पहिली पंधरा-वीस मिनिटं मी एकच गोष्ट शोधत असतो : या भुताला काय करता येत नाही? ते कळलं की मी घाबरायला तयार. नाही कळलं, तर दारं कितीही करकरू देत, पार्श्वसंगीत कितीही अंगावर येऊ दे, जीव गुंतत नाही. जे भूत कुठेही, केव्हाही, काहीही करू शकतं, त्याच्यापुढे माणसाच्या धडपडीला अर्थच उरत नाही.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ सालचा. त्याची मूळ कल्पना अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’वरून आलेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही तो तीस वर्षांनंतर टिकून आहे, आणि त्याचं श्रेय लोक फक्त विनोदाला देतात, ते मला पटत नाही. त्यातले नियम पाहा. तात्या विंचू हा गुंड मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, पण बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला त्याने आपलं गुपित सर्वात आधी सांगितलं, त्याच्याच देहात त्याला शिरता येतं. तो माणूस म्हणजे लक्ष्या. आणि तात्याला संपवायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागायला हवी. बस, एवढंच. एवढ्यावर अख्खा सिनेमा पळतो, कारण तात्या आणि लक्ष्या एकमेकांना बांधले गेले आहेत. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला, त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. बेर्डे भीतीची खिल्ली उडवत नाहीत, ते खरोखर घाबरतात. बाहुला बोलतो, मारतो, हे लक्ष्या जीव तोडून सांगत असतो आणि कोणी ऐकत नाही. आपण हसतो, पण पोटात गोळाही येतो. भयविनोदाचा हा सूर मराठीला तेव्हाच सापडला होता.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ साली आला तेव्हा फारसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. नाव सुचलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, कथेचा धागा नारायण धारपांचा. वाड्याखालच्या गर्भात हस्तर नावाचा शापित देव आहे. त्याच्या लंगोटात सोन्याच्या मोहरा आहेत आणि त्याला भूक आहे ती पिठाची. म्हणून दोरानं खाली उतरायचं, भोवती पिठाचं रिंगण घालायचं, कणकेची बाहुली पुढे टाकायची. तो ती खाण्यात गुंतला की लंगोटाला हिसका देऊन हाताला लागतील तेवढ्या मोहरा घ्यायच्या आणि वर यायचं. एका खेपेला मूठभर. सिनेमाचा नायक विनायक पुण्याहून तुंबाडला पुन्हा पुन्हा येतो तो यासाठीच.

मग त्याच्याच पोराला युक्ती सुचते : एकीच्या ऐवजी पुष्कळ बाहुल्या नेऊ आणि लंगोटच काढून आणू. आणि तेव्हा उमगतं, की जितक्या बाहुल्या तितके हस्तर. हा प्रसंग मी कितीदाही पाहू शकतो. इथे कोणी उपदेश करत नाही, लोभ वाईट असं कोणी म्हणत नाही. पहिल्यापासून आपल्याला ठाऊक असलेला नियमच उलटतो आणि बापाचा जीव घेतो. पटकथा याला म्हणतात.

आपल्याकडचे बरेच भयपट इथेच घसरतात. मध्यंतरापर्यंत नुसता धुडगूस, आणि नंतर एक लांबलचक पूर्वकथा : अमक्या बाईवर अन्याय झाला, म्हणून ती सूड घेते. हे कारण झालं, नियम नव्हे. कारण शेवटी कळलं तरी चालतं. नियम आधी कळावा लागतो, तरच पुढचं प्रत्येक पाऊल टाकताना आपला श्वास अडतो. ‘स्त्री’मध्ये भिंतीवर ‘उद्या ये’ असं लिहिलं की भूत झालेली ती बाई परत जाते, आणि रात्री घराबाहेर पडायची धास्ती पुरुषांना असते. एवढ्या एका ओळीत विनोद, भीती आणि म्हणणं तिन्ही आलं. ‘स्त्री २’ तिकीटबारीवर प्रचंड चालला, पण तिथे नियम विस्कटले आणि पाहुण्या कलाकारांची गर्दी झाली. मला पहिलाच खरा वाटतो.

आपल्या लोककथांत तर हे नियम आयते आहेत. मुंजा पिंपळावरच का? त्याची मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत तो गेला. समंध धनावर बसून राहतो, कारण मरताना त्याचा जीव त्यात अडकला होता. हडळीचे पाय उलटे, गिऱ्हा पाण्याचा. प्रत्येकाची जागा ठरलेली, भूक ठरलेली, हद्द ठरलेली. धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी यातून किती कथा उभ्या केल्या! आणि पडद्यावर? कोकणातल्या मुंजाचा ‘मुंज्या’ २०२४ मध्ये आला, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, सिनेमा हिंदी. याच सरपोतदारांनी २०२२ मध्ये मराठीत ‘झोंबिवली’ केला होता, डोंबिवलीतले टॉवर, शेजारची वस्ती आणि पाण्याचा प्रश्न घेऊन. ते धाडस मला फार आवडलं होतं. ‘मुंज्या’ भरपूर चालला, त्याचा आनंद आहे, पण त्या पोराचा हट्ट मराठीत ऐकायला मिळाला नाही, ही हळहळ जात नाही.

मराठी निर्माते खर्चाकडे बोट दाखवतात. मुंज्याला संगणकी करामती लागतात हे खरं, पण चकव्याला काय लागतं? माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला त्याच जागी उभा असतो, एवढाच त्याचा नियम. एक रस्ता, दोन नट, एक कंदील आणि आवाजावर जीव ओतणारा ध्वनिमुद्रक. वाट तीच आहे हे प्रेक्षकाला आधी कळेल आणि चालणाऱ्याला नंतर. कुणीतरी हा सिनेमा मराठीत करावा. पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाचं तिकीट मी काढेन.