रस्त्याला हमी, माणसाला नाही



मुंबईत नळ, वीजतार वा मलवाहिनी टाकण्यासाठी रस्ता खोदावयाचा झाल्यास कंत्राटदारास आधी ठेव किंवा बँकेची हमी द्यावी लागते. खड्डा नीट बुजविला नाही, डांबर मुदतीपूर्वी उखडले, तर त्यातून पैसे कापता येतात. नियम उत्तमच! डांबराची किंमत नगरपित्यांस ठाऊक आहे. परंतु त्याच मलवाहिनीत जो उतरविला जातो, त्याच्या श्वासाची हमी कोणी घ्यावयाची?

कायदा नाही, असे म्हणण्यास जागा नाही. 2013 च्या कायद्याच्या सातव्या कलमाने गटाराची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई केली. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख व 2023 साली 30 लाख रुपये ठरविली. मग ती मागण्यासाठी विधवेने कचेरीच्या पायऱ्या का झिजवाव्या? ती रक्कम कंत्राटदाराच्या ठेवीत आधीच का नसावी? ही ठेव म्हणजे उतरविण्याचा परवाना मात्र नव्हे. माणूस नुसता उतरविला, तो जिवंत वर आला, तरीही ती जप्त झाली पाहिजे.

‘तो स्वखुशीने उतरला’ हे कंत्राटदारांचे ठरीव उत्तर. जन्माने लादलेला धंदा रोजंदारीच्या नावाने परत आला, तर त्यास खुशी म्हणावयाचे काय? दीक्षा घेतलेल्या घराने आता कंत्राटाच्या अटीही वाचल्या पाहिजेत. वॉर्ड कचेरीत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, कंत्राटाची प्रत मागा, आणि ठेव कोणकोणत्या कारणांनी जप्त होते ते कलम काढून पाहा.