डोहात औषध टाकून मासे मारू नयेत

माझे मत असे आहे की उन्हाळ्यात नदीतले मासे जरूर धरावेत, पण गळाने धरावेत, नाहीतर जाळ्याने धरावेत. औषध टाकून धरू नयेत. आता परीक्षा झाली की सुट्टी लागेल आणि आपल्या शाळेतली निम्मी पोरं नदीवरच असतील. म्हणून आधीच लिहीत आहे.

आपली भोगावती नदी राधानगरीच्या धरणातून येते. हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले होते. पुढे प्रयाग चिखलीपासून तिला पंचगंगा म्हणतात. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात. धरणाचे पाणी सुटले की बंधारा भरतो, आणि उसाच्या मोटारी चालू झाल्या की पाणी परत खाली जाते. मग खडकात नुसते डोह राहतात. सगळे मासे त्या डोहात गोळा होतात. मरळ, वाम, शिंगटा, चिलापी, झिंगे. चिलापी आपल्याकडची नव्हे, ती मूळची आफ्रिकेतली आहे असे गुरुजींनी सांगितले. तरी गळाला तीच सगळ्यात आधी लागते.

गळाला गांडूळ लावून गप्प बसले की एका सकाळी चार-पाच मासे मिळतात. वाम मात्र रात्रीची लागते. मरळ लई हुशार असते, तिला बेडकाचे पिल्लू लावावे लागते. तिची पिल्ले बारीक असताना तांबूस दिसतात आणि शेकडोंनी एका झुंडीत पाण्यावर येतात. खाली नर-मादी राखण करतात. काहीजण नेमका त्या झुंडीत गळ टाकतात, कारण राखण करणारी मरळ चिडून गळ तोंडात धरते. ते मला बरोबर वाटत नाही. मोठी मरळ गेली की पिल्ले दुसरे मासे खाऊन टाकतात. पण गळ टाकणारा माणूस एक मासा नेतो. औषध टाकणारा सगळा डोह नेतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात कुणीतरी रात्री बंधाऱ्याखालच्या डोहात औषध टाकले. सकाळी पाण्याला उग्र वास येत होता. मोठे मासे नेलेले होते. बोटाएवढ्या मरळी, खेकडे, बेडूक आणि एक विरोळासुद्धा मरून तरंगत होता. आमच्या म्हशींनी त्या पाण्याला तोंड लावले नाही. त्यांना आईने घागरी भरभरून घरचे पाणी पाजले. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचे वडील भोई आहेत. ते पाग टाकतात आणि बाजारच्या दिवशी मासे विकतात. पाऊस लागेपर्यंत त्यांना त्या डोहात काही मिळाले नाही. ते रोज लांबच्या डोहाला चालत जात होते. तिच्या वह्या माशांच्या पैशातूनच येतात.

मोठी माणसे म्हणतात की हे पूर्वीपासून चालत आले आहे. मी आज्जाला विचारले. आज्जा म्हणाला, "आम्ही गेळफळ कुटून टाकत हुतो. पर मासं नुसतं गुंगत हुतं. धरलं न्हाई ते दुपारच्याला पुन्हा पळत हुतं. आन् ते बी वर्षातनं एकदा, समद्या गावानं मिळून." आताचे औषध म्हणजे पिकावरच्या किडीचे औषध, नाहीतर पाण्यात टाकायची पावडर. काही औषधांच्या बाटलीवर कवटीचे चित्र असते. त्याने मेलेला मासा लोक चुलीवर शिजवून पोरांना वाढतात! आणखी काहीजण मोटारीची वायर पाण्यात सोडतात. त्याने मासा मरतो आणि कधी माणूसही मरतो, अशा बातम्या पेपरात येतात.

काहीजण असे पण म्हणतात की खाली पंचगंगेत घाण पाण्याने एवढे मासे मरतात, मग आम्ही एक टोपली मारली तर काय बिघडले? पंचगंगेत उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगतात हे खरे आहे. तापलेल्या पाण्यात हवा कमी विरघळते. त्यात घाण आली की माशांना श्वास घेता येत नाही. मरळ तेवढी तोंड वर काढून हवा घेते. पण शेजाऱ्याने त्याची म्हैस मारली म्हणून आपण आपली मारतो काय?

स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारू नयेत असा कायदा इंग्रजांच्या काळात १८९७ सालीच झाला. म्हणजे आमच्या आज्जाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. तरी आमच्या बंधाऱ्यावर त्याची साधी पाटी नाही.

आता चढणीचे मासे. माझे हे मत घरात कुणालाच पटले नाही. मिरगाचा पाऊस पडून ओढ्याला नवे पाणी आले की मासे नदीतून ओढ्यात आणि भाताच्या खाचरात चढतात. ते अंडी घालायला चढतात. तेव्हा लोक ओढ्याला आडवे जाळे लावून घमेली भरून मासे नेतात. गाभोळी मलाही आवडते, खोटं कशाला बोलू. पण एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात.

माझी आत्या मालवणला दिली आहे. तिथे जून-जुलै महिन्यांत मशीनच्या होड्या समुद्रात जात नाहीत. सरकारची बंदी असते, कारण तेव्हा मासे अंडी घालतात. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. नेमका त्याच वेळी आपल्याकडे समुद्राचा मासा कमी येतो आणि सगळे ओढ्याकडे धावतात. एवढ्या मोठ्या समुद्राला दोन महिने सुट्टी, आणि आमच्या टीचभर ओढ्याला एक दिवस पण नाही. मी दोन महिने म्हणत नाही. नवे पाणी आल्यावर पहिले आठ दिवस तरी आडवे जाळे लावू नये. आई म्हणाली, "आपण सोडलं तर वरच्या वाडीचे लोक धरतील." याला मला उत्तर देता आले नाही. म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी एकदम ठरवले पाहिजे.

१ मे ला ग्रामसभा असते. लहान मुलांचे तिथे कोण ऐकणार? मुलांना सोडायला येणारे जे मोठे लोक हे भित्तिपत्रक वाचतील, त्यांनी तिथे पाटीचा आणि आठ दिवसांचा विषय काढावा. पाटी लिहून द्यायला आमचा वर्ग तयार आहे. रंग तेवढा पंचायतीने द्यावा.

— इयत्ता ४ थी